दोनशे वीस गोळ्या

पुढे घरात सगळे हेच म्हणत राहिले की ताईने मुद्दाम बाबांच्या कपाटात नाक खुपसलं. साफ खोटं. बाटली काढली ती ठकीने, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, दुकानाचं शटर अर्ध्यावर असताना. ताई तर पाठमोरी उभी राहून मुदत संपलेली मलमं वेगळी काढत होती.

ठकी साडेचार वर्षांची, ताईच्या धाकट्या भावाची मुलगी. बोलायची अगदी मोजकं. सगळे मिळून अकरा शब्द, त्यातले चार तिच्या आईखेरीज कुणाला कळत नसत. पण हाती रिकाम्या बाटल्या दिल्या की ही पोरगी उंचीप्रमाणे अशी रांग लावायची की एकही बाटली बोटभर मागेपुढे दिसायची नाही. त्या दिवशी रांगेला एक कमी पडली असावी. तिने काउंटरखालचं बाबांचं कपाट उघडलं, जुन्या तराजूच्या मागे हात घातला आणि तपकिरी काचेची एक बाटली ओढून काढली. ती खुळखुळली, म्हणून ताई वळली.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. खाली औषधांचं दुकान आणि वर घर, अशी ही तिसरी पिढी. आजोबा स्वतः औषधं घोटून बाटलीत भरून देत. तेव्हापासून घरच्या माणसाने पट्टीतून गोळी फोडून घ्यायची नाही, असा दंडकच पडला होता. पट्ट्या दुकानात फोडायच्या, गोळ्या तपकिरी बाटलीत भरायच्या, वर पांढरं लेबल: कुणाच्या, किती, कधी घ्यायच्या. आईच्या रक्तदाबाच्या, भावाच्या पित्ताच्या, सगळ्यांच्या बाटल्या स्वयंपाकघरात एकाच फळीवर. बाबांनी त्या पन्नास वर्षं भरल्या आणि गेली साडेतीन वर्षं ताई भरत होती. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला काउंटरवर बसवून सांगितलं होतं, "लेबल नाही, तर ते औषध नाही. लक्षात ठेव."

या बाटलीवर लेबल होतं. बाबांचं ते सरळ, उभं अक्षर. "सूनबाई. १५०. दिल्या नाहीत." त्याखाली वेगळ्या शाईत "+ ७०". शेजारी दोन तारखा.

ताईने झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर घेतली. पांढरी, गोल, मधोमध चीर. ही गोळी तिने झोपेतही ओळखली असती. दर महिन्याला वहिनीच्या, म्हणजे ठकीच्या आईच्या, बाटलीत ती हीच तर भरत होती, नैराश्यावरची. मग तिने तारखा वाचल्या. पहिली तारीख ठकी पोटात असतानाची, सातव्या महिन्यातली. दुसरी ठकीच्या जन्माच्या आदल्या आठवड्यातली.

वहिनीने पोटुशी असताना गोळ्या खाल्ल्या, म्हणून पोरगी बोलत नाही. हे वाक्य या घरात किती वेळा बोललं गेलं होतं त्याला गणती नाही. त्यातल्या निम्म्या वेळा तर ताईच बोलली होती. औषधांतलं कळतं, म्हणून तिच्या बोलण्याला वजन. डॉक्टर घसा फोडून सांगत होते की असा सरळ संबंध लावता येत नाही, उलट आईचा आजार तसाच सोडला तर त्याचा त्रास बाळालाही होऊ शकतो. पण डॉक्टरांचं ऐकतो कोण?

आणि तेव्हा काय काय झालं होतं! चौथ्या महिन्यात वहिनी म्हणायला लागली, डोक्यात विजेचे झटके बसतात. पाचव्यात अंथरुणातून उठेनाशी झाली. सातव्याच्या शेवटी एका दुपारी गच्चीच्या कठड्यावर, पाय बाहेर सोडून बसलेली सापडली. तीन आठवडे रुग्णालयात ठेवलं. तिथे चेहऱ्यावर जरा तरतरी आली, डॉक्टरांनी गोळ्या एकाच्या दोन केल्या, आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ताई तेव्हा दुसऱ्या शहरात एका रुग्णालयाच्या औषध विभागात होती. सुट्टीला आली की सगळ्यांची कड घेऊन बोलायची. "तिकडे हातात आयतं मिळत होतं ना," ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "घर दिसलं की लगेच आजार."

तिकडे गोळ्या वॉर्डातल्या ट्रॉलीवरून येत होत्या. घरी बाटलीतून.

एकाच्या दोन केल्या, म्हणून + ७०. म्हणजे सून कठड्यावरून उतरवून आणल्यावरही बाबांनी शांतपणे पट्ट्या फोडल्या होत्या, मोजल्या होत्या आणि शाई बदलून लिहून ठेवल्या होत्या.

ठकीला कडेवर घेऊन ताई जिना चढली. बाबा खिडकीशी बसून भिंगातून वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, भिंग मिटून खिशात ठेवलं. "कुठे मिळाली?"

"दिल्या नाहीत म्हणजे काय? मग तिच्या बाटलीत काय होतं?"

"ताकदीच्या गोळ्या. काही वाईट नव्हतं त्यात."

"बाबा!"

"ओरडू नकोस, आई आत आहे. पोटातल्या पोराला असलं काहीतरी चारू? ह्या हातांनी?"

"डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती."

"डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा. पोर आपल्या घरचं. बाळ झाल्यावर मी खऱ्या सुरू केल्या की नाही? झाली की नाही बरी?"

"मग ह्या फेकून तरी द्यायच्या होत्या!"

"दोनशे वीस चांगल्या गोळ्या फेकायच्या?" बाबांना खरोखरच राग आला. "पट्टीतून फोडलेल्या, म्हणजे विकता येईनात. म्हणून लेबल लावून ठेवल्या. तुला काय शिकवलंय मी?"

ताईला हसू फुटतंय की रडू, तेच कळेना. "आणि चार वर्षं आपण तिला बोल लावतोय, त्याचं काय? तिने गोळ्या खाल्ल्या, म्हणून ठकी..."

"मी लावला बोल? आठवून बघ. मी कधी ब्र काढला नाही. बोलत होतात ते तुम्ही लोक."

हे खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं. चार वर्षं हा माणूस मूग गिळून बसला होता आणि स्वतःच्या लेकीला खुशाल बोलू दिलं होतं.

"ठेव जिथली तिथे," बाबा म्हणाले. "चारला आत्या येते आहे. सगळे मिळून समजावू. सूनबाईने ऐकलं तर प्रश्नच मिटला. नाही ऐकलं, तर आता तिची बाटली तू भरतेस, एवढं ध्यानात ठेव."

वहिनीला पुन्हा दिवस गेले होते, दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं होतं की गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि घराने पुन्हा ठरवलं होतं की करायच्याच.

ताईने बाटली पर्समध्ये टाकली आणि दिवसभर तोंडाला कुलूप लावलं. स्वतःला ती सांगत राहिली की बाबांचं वय शहात्तर, दुकानाच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा परवाना, गावभर त्यांना डॉक्टर म्हणतात, या वयात त्यांचे धिंडवडे कसे काढायचे. पण खरं सांगायचं तर बाबांच्या अब्रूपेक्षा तिला स्वतःच्या जिभेचीच लाज वाटत होती. बाटली बाहेर आली की चार वर्षांत ती जे जे बोलली होती ते सगळं तिच्याच अंगावर परत येणार होतं. दुपारी जेवताना वहिनीने विचारलं, "ताई, बरं नाही का? काही खात नाहीयात," तेव्हा ती "डोकं दुखतंय" म्हणून पानावरून उठली.

चारला बैठक बसली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं परिचारिका होती आणि निवृत्त झाली तरी आवाज अजून वॉर्डातलाच. आल्या आल्या तिने चपला काढायच्या आत विचारलं, "किती महिने?"

"दोन," वहिनी म्हणाली. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायची. बोटांना कायम शाई लागलेली असायची. आज ती बोटं ती एकसारखी अंगठ्याने घासत होती.

"दोन म्हणजे हीच वेळ. आता बंद केल्या की संपलं."

"आत्या, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर काल शाळेतून सुटलेत. मी किती बाळंतपणं पाहिली माहितेय? हजारो. कुणाला लागत नव्हत्या मनाच्या गोळ्या."

"सगळ्याजणी तुमच्या वॉर्डात हसतच यायच्या?"

"हसत कशाला येतील? बोंबलत यायच्या. पण जाताना हसत जायच्या."

आई खुदकन हसली, मग वहिनीचा चेहरा पाहून गप्प झाली. आईचं असंच. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूला ती आपोआप सरकायची. "अगं, कुणी तुझ्या वाईटावर नाही," ती वहिनीला म्हणाली. "ठकीकडे बघून जीव तुटतो, म्हणून बोलतोय. मागच्या वेळी आम्ही म्हणत होतो, तेव्हा ऐकलं असतंस तर..."

"दूध पण पाजू दिलं नाहीत तुम्ही मला," वहिनी म्हणाली. "गोळ्यांचं दूध नको म्हणालात. ऐकलंच मी."

ठकी कोपऱ्यात बाटल्यांची झाकणं लावत बसली होती. तिचं नाव निघालं तरी तिने मान वर केली नाही.

"ताई, तू बोल ना," आत्या म्हणाली. "तुला ह्यातलं जास्त कळतं. नेहमी बोलतेस, आज काय झालं?"

सगळे ताईकडे बघायला लागले. बाबा सोडून. ते खिडकीतून समोरच्या दुकानाकडे बघत होते.

"माझं डोकं दुखतंय," ताई म्हणाली. दुसऱ्यांदा.

"मी बोलतो," ताईचा भाऊ म्हणाला. हा शाळेत गणित शिकवायचा. पण घरात त्याला लहानपणापासूनच मास्तर म्हणत, कारण चार वर्षांचा असतानाही तो हट्ट मुद्दे मोजून करायचा. "हे बघ, चिडू नकोस. नीट ऐक. मागच्या वेळी तू गोळ्या घेतल्यास. एक घेतलीस, मग दोन घेतल्यास. तरी तू कठड्यावर गेलीसच. म्हणजे फायदा किती? शून्य. आणि धोका? तो कुणी शून्य आहे म्हणत नाही. मग शून्य फायद्यासाठी धोका का घ्यायचा? एवढंच सांग मला."

बोलणं इतकं चोख होतं की आत्याने मान डोलावली. ताईने मात्र पर्स मांडीवर ओढली. ज्या पायावर हा एवढा डोलारा उभा होता तो पाया तिच्या पर्समध्ये होता.

"ह्या वेळी मला बरं वाटतंय," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "गेली चार वर्षं बरं वाटतंय. गोळीने वाटतंय, का आपोआप, मला कळत नाही. पण मला तिकडे परत जायचं नाही. तुम्ही कुणी तिथे गेला नाहीत. मला तेव्हा रोज सकाळी जाग आली की रडू यायचं, जाग आली म्हणून. आणि मी रोज न चुकता गोळी घेत होते. पाणी पिऊन, घड्याळ लावून. मला वाटायचं, ज्या गोळीने जगाला बरं वाटतं तिने मला नाही वाटत, म्हणजे मी मुळातच नासलेली आहे. मी आई व्हायच्या लायकीची नाही."

"असं नाही बोलू," आई म्हणाली.

"तुम्हीच बोलत होतात, आई. स्वयंपाकघरात. भिंत पातळ आहे."

ठकीचं एक झाकण घरंगळत वहिनीच्या पायाशी आलं. वहिनीने ते उचललं, ठकीला दिलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि तिथेच खाली बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "हिचं असं माझ्यामुळे झालं असेल, तर दुसऱ्याचं नको. मला काय व्हायचं ते होऊ दे. उद्यापासून बंद करते."

"शहाणी माझी!" आईने सुस्कारा सोडला. आत्याने चहाचा कप उचलला. बाबा खिडकीकडून वळले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती मोकळीक ताईने पाहिली आणि तिचं डोकं सणकलं. काही करावं न लागता काम झालं होतं. ना पट्ट्या फोडायच्या, ना लेबल लिहायचं.

"बंद करू नकोस," ताई म्हणाली.

"अगं, आता ती हो म्हणतेय तर..." आत्या म्हणाली.

ताईने पर्स उघडली आणि बाटली चहाच्या ट्रेमध्ये ठेवली. "मागच्या वेळी तू गोळ्या घेतल्याच नव्हत्यास, वहिनी. त्या ह्या. सगळ्याच्या सगळ्या. बाबांनी तुझ्या बाटलीत ताकदीच्या गोळ्या भरल्या होत्या. तिसऱ्या महिन्यापासून ठकी होईपर्यंत."

सगळ्यात आधी आत्याने हात पुढे केला. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिने लेबल वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तीस वर्षं रुग्णांचे तक्ते वाचलेली बाई ती. तिला फार सांगावं लागलं नाही.

"दादा," ती बाबांना म्हणाली, "अचानक बंद केल्यास? एका दिवसात? हळूहळू कमीसुद्धा नाही केल्यास?"

"तिला कळलं असतं."

"तिला कळलं असतं!" आत्याचा आवाज चढला. "ती झटके बसतात म्हणत होती ते ह्यानेच, आणि मीच तिला हसले रे! नाटकं करते म्हणाले! आणि रुग्णालयातून आल्यावर परत? पोटुशी बाई कठड्यावर चढली तरी तुला काही वाटलं नाही?"

"नातवंडासाठी केलं मी."

"नातवंड तिच्या पोटातच होतं ना? ती खाली पडली असती तर ते काय वर राहिलं असतं?"

पाच मिनिटांपूर्वी वहिनीला धारेवर धरणारी आत्या आता भावाच्या अंगावर धावून जात होती. आईने लगेच पदर सावरला. "मला काही माहीत नव्हतं हं," ती म्हणाली. "मी आपली कुणाच्या अध्यात ना मध्यात."

वहिनीने आत्याच्या हातातून बाटली घेतली आणि लेबलावरच्या आकड्यांवरून शाईचं बोट फिरवलं, नकाशावरची एखादी ओळ तपासावी तसं. मग मान वर करून तिने बाबांकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मला? नाही. म्हणजे..." मास्तरने कप उचलला, रिकामा होता, खाली ठेवला. "तेव्हा नव्हतं माहीत. शप्पथ. बाळ झाल्यावर बाबांनी सांगितलं. तू बरी झाली होतीस. म्हटलं, आता उगाच घर कशाला पेटवायचं?"

"आणि मघाशी? शून्य फायदा? ते गणित तू माहीत असून मांडलंस?"

"मला भीती वाटते गं. दुसऱ्याचंही असंच झालं तर..."

"कसं झालं तर?" वहिनी उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "गोळीने झालं नाही, हे तुला चार वर्षं माहीत होतं! मी रोज हिला झोपवताना हिची माफी मागते. रोज. तू शेजारी पडून ऐकतोस. एकदा तरी म्हणायचंस ना, नको मागू म्हणून!"

मास्तरचे मुद्दे संपले होते.

"मग झालं तरी कशाने?" आई हळूच म्हणाली. तिला गप्प बसवत नव्हतं. "गोळ्यांनी नाही, तर मग... गोळ्या बंद केल्या म्हणून का?"

बाबांचा चेहरा पहिल्यांदा पडला. बघा, एवढा हुशार माणूस, पण हा प्रश्न चार वर्षांत त्याने स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

वहिनीने हे पाहिलं. तिने तेवढंच म्हणायचं बाकी होतं, की हो, तुमच्यामुळे. चार वर्षांचं सगळं एका वाक्यात परत करता आलं असतं. ताई वाट बघत होती. म्हटलं असतं तरी कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती.

"ते मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनाही नाही. ते म्हणाले होते, कशामुळे झालं ते सांगता येत नाही, ती उशिरा बोलेल, शिकवत राहा. मी शिकवत राहिले. नक्की काय ते फक्त तुम्हा लोकांना माहीत होतं." मग ती ताईकडे वळली. "ही तुम्हाला कधी मिळाली?"

हा प्रश्न येईल असं ताईला वाटलंच नव्हतं. खरं बोलल्याबद्दल काहीतरी मिळेल, निदान एक नजर तरी मिळेल, अशी वेडी आशा तिला होती.

"आज," ती म्हणाली.

"आज कधी?"

"सकाळी. दहाला."

वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहा झाले होते. "म्हणजे मी जेवताना विचारलं तेव्हा ती पर्समध्ये होती."

"हो."

"आणि मी मुळातच नासलेली आहे म्हणून सांगत होते, तेव्हाही."

"वहिनी, मी..." ताईची जीभ, जिला चार वर्षं हाड नव्हतं, आज अडखळली. "मी घाबरले होते. मी तुला काय काय बोलले, ते सगळं..."

"आठवतंय मला."

वहिनी आत गेली. स्वयंपाकघरातल्या फळीवरून स्वतःची बाटली घेऊन आली, ताईने एक तारखेला भरलेली, ताईच्या अक्षरातल्या लेबलाची. झाकण काढून तिने ती चहाच्या ट्रेमध्ये उपडी केली. पांढऱ्या गोळ्या कपांच्या मधून पसरल्या.

"ह्या कसल्या आहेत?"

"खऱ्या," ताई म्हणाली. "अगदी खऱ्या. मी स्वतः भरल्यात."

"बाबाही स्वतःच भरायचे."

"अगं, बघ ना नीट, मधे चीर आहे, कडेला बारीक अक्षर आहे, ताकदीच्या गोळीला ते नसतं, मी दाखवते तुला..." ताई ट्रेवर वाकून गोळ्या उलटसुलट करायला लागली. औषधाबद्दल ती अगदी खरं सांगत होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकून घेत नव्हतं.

"मला बघून कळत नाही, ताई," वहिनी म्हणाली. "तेव्हाही कळलं नाही."

तिने बाबांची बाटली आपल्या पिशवीत टाकली. "ही मी डॉक्टरांना दाखवणार आहे. पुढचं ते सांगतील तसं." ठकीला कडेवर घेतलं, चपला पायात सरकवल्या. मास्तर उठायला लागला. "तू बस," ती म्हणाली, आणि तो बसला.

ताई खिडकीशी गेली. समोरच्या फुटपाथवर दुसरं औषधांचं दुकान होतं. त्या दुकानदाराला या घरात नुसतं 'समोरचा' म्हणत, आणि त्याच्याकडून साधा कापूसही कधी घेतला नव्हता. वहिनीने पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने चिठ्ठी पाहिली, वहिनीला पाहिलं, मग मान उंच करून सरळ या खिडकीकडे पाहिलं. त्याला काही समजेना. शेवटी त्याने खणातून एक पट्टी काढून दिली.

वहिनीने ती पट्टी उलटी केली. दारातल्या उजेडात धरून मागचं सगळं वाचलं, नाव, मुदत, बारीक छापलेलं सगळं. मग अंगठ्याने दाबून एक गोळी फोडली. समोरच्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तिथेच उभ्या उभ्या, रस्त्याकडे तोंड करून गोळी घेतली. ठकीने तिच्या हातातली पट्टी ओढून घेतली आणि फुटलेल्या जागेत बोट घालून बघितलं.

ताई मागे फिरली. खोलीत आत्या आणि बाबा अजून भांडत होते, आई दोघांनाही पाणी देत होती, मास्तर झाकणांच्या रांगेकडे बघत बसला होता. ताई ट्रे उचलून खाली दुकानात आली आणि सवयीने गोळ्या मोजल्या. तेवीस. तेवीसच्या तेवीस खऱ्या, चांगल्या, मुदतीतल्या. आता त्या कुणाला देता येणार नव्हत्या. तिने त्या बाटलीत परत भरल्या, नवीन लेबल चिकटवलं आणि लिहिलं, "वहिनी. २३. घेतल्या नाहीत." खाली तारीख घातली. मग वाकून काउंटरखालचं कपाट उघडलं, आणि तराजूच्या मागे जी जागा सकाळी रिकामी झाली होती, तिथे ती बाटली ठेवून दिली.